आमचं गाणं आणि माझे गेलेले ८ बार

आम्ही तीन शहरांतले तिघं मित्र मिळून एक मराठी रॅप गाणं करत होतो. त्यातला नागपूरवाल्याचा व्हर्स, म्हणजे त्याने म्हटलेलं कडवं, आला तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते, हेडफोन लावून ऐकला आणि पहिलं मनात आलं की ह्याला तालच नाहीये. शब्द एक नंबर, आवाज दणदणीत, पण प्रत्येक ओळ बीटच्या, म्हणजे खाली वाजणाऱ्या संगीताच्या, मागून लंगडत येतेय. आता चार महिने ज्याच्याशी रोज फोनवर बोलतोय त्याला हे सांगायचं कसं? दोन दिवस मी गपचूप, रिप्लायच नाही. तिसऱ्या दिवशी त्याचाच फोन, "काय बे, आवडलं नाही का तुले?" मग बोलता बोलता कळलं की पठ्ठ्याने ब्लूटूथचे इअरबड्स घालून रेकॉर्ड केलं होतं. म्हणजे बीट त्याच्या कानात पोचायलाच उशीर होत होता आणि तो त्या उशिरा आलेल्या बीटवर अगदी बरोब्बर म्हणत होता. आमचा बीट ९० बीपीएमचा, मिनिटाला ९० ठोके, म्हणजे एक ठोका साधारण ६६७ मिलिसेकंद, त्याचा पाव भाग १६७, आणि ह्याचा आवाज मागे पडला होता २०० च्या आसपास, पाव ठोक्यापेक्षाही जास्त. कॉम्प्युटरवर त्याच्या आवाजाचा अख्खा ट्रॅक धरून डावीकडे, म्हणजे आधी, सरकवला आणि गडी असा काही बसला बीटवर की मलाच लाज वाटली. रेकॉर्ड करताना वायरचे इअरफोन वापरा रे बाबांनो, कितीही स्वस्तातले चालतील.

तर मी पुण्याचा, बीट आणि एक व्हर्स माझा. एक व्हर्स नागपूरचा, एक कोल्हापूरचा, आणि हूक, म्हणजे परत परत येणारं धृपद, गायला कोल्हापूरवाल्याची धाकटी बहीण. ठरलं असं की प्रत्येकाने आपल्या घरी बोलतो तशीच भाषा वापरायची, पुस्तकी काही नको. तिघांना १६-१६ बार (एक बार म्हणजे चार ठोके), हूक ८ बारचा तीनदा, एकूण ७२ बार, म्हणजे ३ मिनिटं १२ सेकंद. कागदावर एकदम झकास.

लिहायला बसल्यावर कळलं की मराठीत यमक फार सोपं आहे आणि तीच गोची आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे करतो-मरतो-फिरतो-ठरतो करत १६ बार कधी संपतात कळत नाही आणि ऐकणारा तिसऱ्या ओळीला झोपतो. कोल्हापूरवाल्याने नियमच काढला, क्रियापदावर यमक संपवायचं नाही. मग त्याने स्वतः 'तांबडा रस्सा, मोकळा खिसा' असं काहीतरी आणलं, दोन शब्दांना दोन शब्द भिडतात आणि उधारीवर जेवलेला माणूस पण दिसतो. नागपूरवाल्याची मजा वेगळीच. मी म्हणणार 'जातोय', तीन अक्षरांत काम संपलं, तो म्हणणार 'जाऊन रायलो', त्यामुळे त्याच्या ओळी आपोआप भरगच्च आणि पळत्या होतात. मी ते कॉपी करून बघितलं, नाही जमलं, नाटकी वाटायला लागलं.

बीटमध्ये हलगी हवी होती, पण सॅम्पल पॅकमधली, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेली तयार, मला नको होती. कोल्हापूरवाल्याच्या ओळखीचे एक मामा वाजवतात, म्हणून एका शनिवारी एसटीने गेलो. मामांनी आधी उसाचं पाचट पेटवलं आणि हलगी त्याच्यावर शेकायला धरली, अधूनमधून बोटाने टिचकी मारून आवाज बघत होते. थंड असताना भद्द वाजणारी ती गोष्ट पाच-सात मिनिटांत अशी कडक झाली की पहिल्या ठोक्याला माझं रेकॉर्डिंग फाटलं, लेव्हल अर्ध्यावर आणावी लागली. मी त्यांच्या कानात क्लिक, म्हणजे लय धरायची टिकटिक, दिला होता, तो त्यांनी अर्ध्या मिनिटात काढून खिशात घातला. सुरुवात ९० ला आणि दीड मिनिटात मामा जवळजवळ १२० वर! घरी येऊन मी त्यातले सुरुवातीचे २ बार कापले, ठोके कॉम्प्युटरच्या ग्रिडवर अगदी समान अंतरावर बसवले, लूप केलं, म्हणजे तेच परत परत वाजत ठेवलं, आणि लई भारी झालंय म्हणून कच्चा मिक्स सगळ्यांना पाठवला.

मामांचा व्हॉइस मेसेज आला. "वाजवलंय म्याच, पर ही पळंना का? दावणीला बांधल्यागत वाजाय लागलीय."

हे ऐकल्यावर मला ते लूप ऐकवेना. मग ठरलं की खाली लूप राहू दे, पण शेवटी मामांचा तो चढत जाणारा तुकडा न कापता, न सरळ करता तसाच सोडायचा, बीट पूर्ण बंद करून. पण त्याला २० सेकंद पाहिजेत आणि गाणं लांबवायचं नाही असं सगळ्यांचंच मत. कोणाचे बार कापायचे? दोघं मित्र गप्प. हूकवाली बारकी म्हणाली, "दादा, तुझ्या शेवटच्या ८ बारमध्ये नवीन काय आहे?" काहीच नव्हतं. शनिवारवाडा होता, ट्रॅफिक होतं, आणि दुसऱ्या रॅपर्सना एक टोमणा. ८ बार म्हणजे २१ सेकंद, हिशोब पण बरोब्बर जुळत होता च्यायला. एक दिवस फुगून बसलो, मग डिलीट केले.

बाकी पटापट सांगतो. फाइल्स व्हॉट्सॲपवर पाठवायच्या तर डॉक्युमेंट म्हणून, २४ बिट वेव्ह (न दाबलेली ऑडिओ फाइल), नाहीतर दाबून वाट लागते. हिश्श्याचं रिलीजच्या आधी कागदावर लिहून सह्या करा, शब्द-संगीताचा वाटा वेगळा आणि रेकॉर्डिंगचा वेगळा, आम्ही ह्यात एक अख्खा रविवार भांडलो, जे पैसे अजून आलेलेच नाहीत त्याच्यावरून. मामांना मानधन त्याच दिवशी हातात दिलं होतं, शिवाय नाव आणि वाटा.

गाणं आलं. परवा कोल्हापूरवाला मामांकडे गेला होता, ते कोणालातरी फोनवर ऐकवत होते. बोटाने सरकवून थेट शेवटच्या हलगीवर नेतात म्हणे, त्याच्या आधीचं कोणाला ऐकवतच नाहीत.