को ताओवरील पहिली डायव्हिंगची सुट्टी: नऊ दिवसांचा हिशेब

थायलंडच्या आखातातील को ताओ, म्हणजे ‘कासवांचे बेट’, जेमतेम 21 चौरस किलोमीटरचे आहे. स्कूबा डायव्हिंग शिकण्यासाठी जगभरातून जिथे लोक येतात, अशा मोजक्या जागांमध्ये त्याची गणना होते. मी आणि माझी धाकटी बहीण गेल्या मार्चमध्ये तिथे गेलो होतो. त्यापूर्वी आम्हा दोघींपैकी कोणीही पाण्याखाली श्वास घेतला नव्हता. पहिला आराखडा सहा दिवसांचा केला होता. प्रत्यक्षात गेलो नऊ दिवसांसाठी, आणि वाढवलेले तीन दिवस नसते तर माझा अभ्यासक्रम अर्धवट राहिला असता. त्यामुळे बेटाच्या सौंदर्यापेक्षा या दिवसांच्या हिशेबावरच मी अधिक लिहिणार आहे.

बेट निवडताना आम्ही आधी प्रसिद्ध नावांच्या मागे लागलो होतो. मालदीव आणि इंडोनेशियातील राजा अम्पात यांची छायाचित्रे पाहून कोणाचेही मन तिकडे ओढ घेईल; परंतु तिथल्या अनेक नामांकित जागा जोरदार प्रवाहांसाठी ओळखल्या जातात, आणि स्वतःचा तोल अजून न सापडलेल्या माणसाला त्या प्रवाहात आनंद कमी व धास्ती जास्त मिळते. पहिल्या खेपेला शांत, उथळ आणि किनाऱ्याजवळचे पाणी हवे. कॅरिबियनमधील बोनेअर बेटावर थेट किनाऱ्यावरून चालत पाण्यात उतरता येते. को ताओभोवती आडोशाचे उपसागर अनेक आहेत आणि बहुतेक जागांवर बोटीने थोड्या वेळात पोहोचता येते. ऋतूही तपासावा, आणि तो देशाचा नव्हे तर त्या किनाऱ्याचा तपासावा. थायलंडच्या पश्चिमेकडील सिमिलन बेटे पावसाळ्यामुळे मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतात, तर पूर्वेकडील आखातात खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. एकाच देशाचे दोन किनारे असे परस्परविरुद्ध वागतात, हे आम्हाला तिकिटे काढण्याच्या आदल्या आठवड्यात कळले.

निघण्यापूर्वी करायच्या कामांत सर्वांत महत्त्वाची आहे ती आरोग्याची प्रश्नावली. प्रत्येक डायव्हिंग केंद्र ती भरून घेते. दमा, हृदयविकार, फिट येणे, कानाची किंवा छातीची शस्त्रक्रिया अशा गोष्टींबद्दलच्या प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर आले, तर डॉक्टरांच्या सहीशिवाय पाण्यात उतरू देत नाहीत. आमच्या बोटीवरच्या एका गृहस्थांनी ही प्रश्नावली बेटावर पोहोचल्यावर प्रथमच पाहिली, आणि लहानपणीच्या दम्यामुळे त्यांचे दोन दिवस डॉक्टर शोधण्यात गेले. प्रश्नावली आधी मागवून घ्यावी आणि डॉक्टरांची सही लागत असल्यास ती घरूनच घेऊन निघावे. उत्तर खोटे लिहू नये, हे खरे तर सांगायला नको. पण तो मोह अनेकांना होतो, म्हणून सांगते.

दुसरे काम विम्याचे. प्रवासाच्या साध्या विम्यात डायव्हिंग वगळलेले असू शकते किंवा ठरावीक खोलीपर्यंतच मान्य असते. दाबकक्षातील, म्हणजे हवेचा दाब वाढवून पाणबुड्यांवर उपचार करतात त्या बंदिस्त खोलीतील, उपचार आणि बेटावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात धरलेला आहे की नाही, हे पॉलिसीच्या मूळ मजकुरात वाचावे. विकणाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. सर्वांत जवळचा दाबकक्ष कुठे आहे, हा प्रश्न केंद्र निवडतानाच विचारावा. त्याचे उत्तर ज्यांना चटकन देता येत नाही, त्यांच्याकडे मी शिकायला जाणार नाही.

अभ्यासक्रम कोणत्या संस्थेचा घ्यावा यावर आम्ही अकारण बराच वेळ घालवला. 1966 साली स्थापन झालेली पॅडी आणि 1970 सालची एसएसआय या दोन्हींची प्रमाणपत्रे जगभर चालतात, आणि पहिल्या पातळीचा, म्हणजे ‘ओपन वॉटर’चा, अभ्यास बराचसा सारखाच आहे. संस्थेपेक्षा प्रशिक्षक महत्त्वाचा. पॅडीच्या नियमाप्रमाणे समुद्रात एका प्रशिक्षकाबरोबर आठपर्यंत शिकाऊ असू शकतात. आम्ही चारपेक्षा अधिक नकोत असा आग्रह धरला आणि तो पुढे माझ्या कामी आला. पुस्तकी भाग आता घरी बसून ऑनलाइन पूर्ण करता येतो आणि तो तसाच करावा, कारण सुट्टीतील दुपार वर्गात बसून दाबाची गणिते सोडवण्यात घालवणे शहाणपणाचे नाही. पोहण्याचीही परीक्षा असते: न थांबता 200 मीटर पोहणे आणि 10 मिनिटे तरंगत राहणे. वेळेची अट नसल्यामुळे ती भीतीदायक नाही, पण निघण्यापूर्वी महिनाभर तलावात जाण्याचा सराव ठेवला तर दमछाक होत नाही.

को ताओवर विमानतळ नाही. चुम्फोन, सुरत थानी किंवा को सामुई यांपैकी एका ठिकाणाहून बोटीने जावे लागते, आणि समुद्र खवळलेला असेल तर वेळापत्रक कोलमडते. पहिला दिवस प्रवासात गेला आणि दुसरा दिवस आम्ही मुद्दाम मोकळा ठेवला होता. केंद्रावर जाऊन वेटसूट आणि फिन्स (पायात घालायचे पंखे) अंगाला लावून पाहिले आणि कागदपत्रे उरकली. माझ्या चष्म्याच्या नंबरचा मास्क मी घरूनच करवून नेला होता. ज्यांना लांबचे कमी दिसते त्यांनी ही एक वस्तू स्वतःची घ्यावी, बाकी सर्व सामान पहिल्या खेपेला भाड्याने घेतलेले बरे. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातील सिलिकॉनचा पातळ थर असतो आणि तो काढला नाही तर काच सतत धुकट होते. साध्या टूथपेस्टने आतून दोन-तीनदा घासून धुतली की काम होते.

तिसऱ्या दिवशी तलावातील धडे झाले. रेग्युलेटर, म्हणजे टाकीतील हवा तोंडात आणणारे उपकरण, तोंडातून काढून पुन्हा शोधणे, मास्कमध्ये पाणी भरून ते नाकाने बाहेर फुंकणे, जोडीदाराच्या टाकीतील हवा घेणे, असे ते धडे असतात. मास्कचा धडा मला तीनदा करावा लागला, कारण नाकात पाणी गेले की शरीर ऐकत नाही. प्रशिक्षक शांत होते म्हणून तो जमला. एक नियम मात्र त्यांनी दिवसभरात किमान दहा वेळा सांगितला: श्वास कधीही रोखायचा नाही. समुद्रसपाटीवर हवेचा दाब एक वातावरण असतो आणि पाण्यात दर 10 मीटरला तो आणखी एका वातावरणाने वाढतो. त्यामुळे 10 मीटरवर फुप्फुसांत भरून घेतलेली हवा वर येताना दुप्पट जागा मागते. श्वास रोखलेला असेल तर ती जागा तिला मिळत नाही आणि फुप्फुसाला इजा होते. बॉइलचा नियम शाळेत पाठ केला होता. तो शरीराला लागू होतो हे या तलावात उमगले.

चौथ्या दिवशी को नांग युआन या एकमेकांना जोडलेल्या तीन छोट्या बेटांजवळच्या ‘जॅपनीज गार्डन्स’ नावाच्या उथळ प्रवाळबागेत समुद्रातील पहिली बुडी होती, आणि माझा आराखडा तिथेच मोडला. निघण्यापूर्वी मला सर्दी झाली होती. ती बरी झाली असे मी धरून चालले होते, पण तीन मीटरवर डावा कान दुखू लागला. प्रशिक्षकांनी खुणेने मला मीटरभर वर नेले, पुन्हा प्रयत्न करवला, पुन्हा वर नेले. तिसऱ्या प्रयत्नानंतर त्यांनी अंगठा वर केला आणि सहायकाबरोबर मला पृष्ठभागावर पाठवले. बोटीत बसून मी बहिणीचे बुडबुडे पाहत राहिले.

कान सर्वांत जास्त त्रास देतात ते उथळ पाण्यात, ही गोष्ट मला आधी उलटी वाटली होती. पृष्ठभागापासून 10 मीटरपर्यंत दाब दुप्पट होतो, तर 10 ते 20 मीटरमध्ये तो केवळ दीडपट होतो. म्हणून कानाच्या पडद्यामागील हवेचे आकुंचन पहिल्या काही मीटरांतच सर्वाधिक असते. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकणे किंवा गिळणे या क्रियेने तो दाब समान करायचा असतो, आणि ती क्रिया दुखायला लागण्याआधी करायची असते. दुखू लागल्यावर जोर लावला तर पडद्याला इजा होण्याचा धोका असतो. चोंदलेले नाक मोकळे करणारे औषध घेऊन उतरावे का, असे मी विचारले तेव्हा प्रशिक्षकांनी साफ नकार दिला. औषधाचा अंमल पाण्याखालीच उतरला तर कानात अडकलेली हवा वर येताना बाहेर पडत नाही, आणि त्या वेळी खालीच थांबून राहण्याचा पर्याय उरत नाही.

त्यांनी मला तो दिवस विश्रांती घ्यायला सांगितले. गट चारजणींचा असल्यामुळे आणि हाताशी मोकळे दिवस असल्यामुळे पाचव्या दिवशी मला पहिल्या दोन बुड्या आणि सहाव्या दिवशी उरलेल्या दोन बुड्या वेगळ्या देता आल्या. पाचव्या दिवशी मी डोके वर ठेवून, दोरीला धरून, दर अर्ध्या मीटरला कान मोकळे करत उतरले. वेळ लागला, पण कान उघडले. पहिल्या दोन बुड्यांची मर्यादा 12 मीटर आणि पुढील दोन बुड्यांची 18 मीटर असते. ओपन वॉटर प्रमाणपत्राचीही हीच 18 मीटरची मर्यादा आहे.

पाण्याखाली प्रथमच पाहणाऱ्याने दोन गोष्टी मनाशी बाळगाव्यात. मास्कमधील हवेमुळे प्रत्येक वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठी आणि एक चतुर्थांशाने जवळ दिसते, म्हणून ज्या प्रवाळाला आपण अजून लागलो नाही असे वाटते, त्याला फिन आधीच लागलेला असू शकतो. ढिगाऱ्यासारखे वाढणारे काही प्रवाळ वर्षाकाठी सेंटिमीटरभरच वाढतात. एका लाथेत किती वर्षे जातात याचा हिशेब ज्याने त्याने करावा. दुसरे म्हणजे हातवारे. जमिनीवर ‘उत्तम’ म्हणून दाखवतात तो वर केलेला अंगठा पाण्याखाली ‘वर चला’ असे सांगतो. माझ्या बहिणीने कासव पाहून आनंदाने अंगठा दाखवला आणि प्रशिक्षकांनी तिला गांभीर्याने वर न्यायला सुरुवात केली. ते कासव तिला पुन्हा दिसले नाही.

टायटन ट्रिगरफिश नावाचा मासाही ओळखून ठेवावा. अंडी राखत असताना तो आपल्या घरट्याच्या हद्दीत आलेल्याला चावायला धावतो, आणि ती हद्द घरट्यापासून वर रुंद होत जाणाऱ्या शंकूसारखी असते. घाबरून वर गेल्यास आपण त्याच्याच हद्दीत राहतो; आडवे पोहत दूर जावे. आमच्या मागे एकदा लागला होता आणि हा सल्ला खरा ठरला.

हवा किती पुरते याची सर्वांना उत्सुकता असते. साधारण 200 बार (एक बार म्हणजे जवळपास एक वातावरण) दाबाने भरलेल्या टाकीतून 50 बार उरले असताना पृष्ठभागावर असावे असा आमच्या केंद्राचा दंडक होता. माझी टाकी पहिल्या दिवशी 35 मिनिटांत त्या आकड्याला आली, बहिणीची 48 मिनिटे चालली. नवखा माणूस हातांनी पोहतो, घाबरून उथळ श्वास घेतो आणि जास्त हवा वापरतो. लाज वाटण्याचे कारण नाही, परंतु दाबमापक दर काही मिनिटांनी पाहण्याची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्यावी. वर येण्याचा वेग मिनिटाला 9 मीटरपेक्षा अधिक नसावा आणि 5 मीटरवर तीन मिनिटे थांबावे. या तीन मिनिटांत शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनला बाहेर पडण्यास वेळ मिळतो, आणि आम्हाला तर सर्वांत सुंदर माशांचे थवे तिथेच दिसले.

सातव्या दिवशी आम्ही दोघींनी ‘ट्विन्स’ आणि ‘व्हाइट रॉक’ या दोन जागी प्रमाणित पाणबुड्या म्हणून बुड्या मारल्या. बोटीवरील काहीजण चुम्फोन पिनॅकलला चला म्हणून आग्रह करत होते. त्या खडकाचा माथाच सुमारे 14 मीटरवर आहे आणि पाहण्यासारखे बरेचसे त्याखाली आहे. 2011 साली बुडवलेली सट्टाकुट ही नौदलाची बोटही मोठ्या प्रमाणात 18 मीटरच्या पलीकडेच आहे. या जागा पुढच्या अभ्यासक्रमासाठी सोडाव्यात. कॅमेराही पहिल्या खेपेला नेऊ नये, कारण हातात वस्तू आली की तोल, हवा आणि जोडीदार या तिन्हींचा विसर पडतो. उन्हापासून लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट सनस्क्रीनपेक्षा चांगले संरक्षण देतो. थायलंडने 2021 मध्ये आपल्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत ऑक्सिबेन्झोनसारखी प्रवाळाला घातक द्रव्ये असलेल्या सनस्क्रीनवर बंदी घातली आहे, तेव्हा बाटलीवरील घटक वाचूनच सामानात भरावी.

आठव्या दिवशी पाण्यात उतरायचे नाही, हे घरी असतानाच ठरले होते. अनेक बुड्यांनंतर विमानात बसण्यापूर्वी किमान 18 तासांचे अंतर ठेवावे असे सांगतात, कारण उंचीवर विमानातील दाब कमी झाला की अंगात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. को ताओवरून आधी बोट आणि मग विमान असा प्रवास असल्यामुळे अनेकजण बोटीचे तास त्या 18 तासांत मोजून सकाळची एक बुडी मारून घेतात. तासांचा हिशेब जुळतोही, पण बोटीच्या वेळा बदलल्या, विमान आधीचे मिळाले, तर तो हिशेब कोणी पुन्हा मांडत नाही. आम्ही त्या दिवशी मास्क गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवले, नोंदवहीत खोली, वेळ, खाली जाण्यासाठी अंगावर घेतलेले शिशाचे वजन आणि उरलेली हवा लिहून प्रशिक्षकांची सही घेतली. वजनाचा आकडा विशेष जपून लिहावा, पुढच्या बेटावर पहिला प्रश्न तोच विचारतात. नवव्या दिवशी सकाळच्या बोटीने आम्ही चुम्फोनकडे निघालो.