गुरांची वाट सापडली, मोळी मात्र अडते

दसऱ्याला आमच्या घरी पाटावर यंदा दोन कोयते, एक घडीची करवत, कुदळ आणि पहार अशी हत्यारं मांडली होती. सायकलला झेंडूचा हार दरवर्षीच असतो. आईने कोयत्यांकडे बघून एवढंच विचारलं, "नोकरी सोडून नारळ उतरवायला जाणार आहेस का?" तेव्हापासून सात रविवार झाले. नारळ एकही उतरवलेला नाही, पण नवी मुंबईतल्या खारघरच्या डोंगरावरून सायकलने खाली यायला एक वाट मोकळी झाली आहे. जवळजवळ.

ज्यांनी इथे चाकं घासली आहेत त्यांना दुखणं माहीत आहे. डांबरी रस्त्याने घाम गाळत वर जायचं, चाफेवाडी-फणसवाडीच्या सड्यावर चक्कर मारायची आणि परत त्याच डांबरावरून ब्रेक तापवत उतरायचं. एवढ्यासाठी मागेपुढे सस्पेन्शन कशाला घेतलं, असा प्रश्न प्रत्येक वेळी पडतो. गेल्या हिवाळ्यापर्यंत एक उतार होता, सरळ नाकासमोर खाली येणारा. पावसाळ्यात तो रानमोडीच्या झुडपांनी गिळला. दरवर्षीच गिळते, म्हणून आम्ही चौघं पहिल्या दोन रविवारी वरून खाली कापत सुटलो. दुसऱ्या रविवारी साडेदहाच्या सुमाराला शेवटच्या शंभर मीटरवर झुडपांमधून काहीतरी निळं चमकलं. पत्र्याचं कुंपण, आठ फूट उंच, नवं कोरं. जमीन ज्यांची, कुंपण त्यांचं, तक्रार नाही. राग आला तो स्वतःचाच. खालून दहा मिनिटं चालत येऊन पाहिलं असतं तर दोन रविवार आणि हातावरचे अकरा फोड वाचले असते.

तेव्हापासूनचा नियम: आधी दोन्ही टोकांना रस्ता आहे का ते पायाने बघायचं, मगच कोयता पिशवीतून काढायचा.

तिसरा रविवार घरीच गेला, लॅपटॉपसमोर. गूगल अर्थमध्ये जुनी चित्रं बघायची सोय आहे, तिचा उपयोग बरेच जण करत नाहीत. ऑक्टोबरचं चित्र उघडलं तर अख्खा डोंगर हिरवी गोधडी पांघरून बसलेला असतो, वाट म्हणून काही दिसत नाही. एप्रिल-मेचं चित्र काढा. पानं झडलेली, गवत वाळून पिवळं पडलेलं, आणि त्यात पायवाटा पांढऱ्या दोऱ्यासारख्या उठून दिसतात. वेगवेगळ्या वर्षांचे उन्हाळे एकामागून एक बघितले की कुठली वाट जिवंत आहे आणि कुठली मरत चालली आहे तेही कळतं. मला तीन दोरे सापडले. एक आपला कुंपणवाला. दुसरा जुन्या खाणीच्या कड्यावर जाऊन संपत होता, तो सोडला. तिसरा अगदी पुसट. सात-आठ वर्षांपूर्वीच्या चित्रात ठळक, अलीकडच्यात जेमतेम. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशावर तिथेच तुटक लाल रेघ होती, म्हणजे कधीकाळी पायवाट म्हणून कुणीतरी तिची नोंद घेतली होती. सायकलवाले आपल्या राइड ज्यावर नोंदवतात त्या स्ट्राव्हा ॲपच्या हीटमॅपवर मात्र शून्य. हीटमॅप काय दाखवतो, तर आपल्यासारखे लोक कुठे गेले ते. गुरं आणि लाकूडफाट्याला जाणाऱ्या बायका स्ट्राव्हा वापरत नाहीत.

जमिनीचं म्हणाल तर महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गट नंबर बघून सातबारा काढायला पाच मिनिटं लागतात, आणि ती घालवावीत. डोंगर बाहेरून एकसंध दिसतो, कागदावर तो गोधडीच असतो. सिडकोचा तुकडा, वनखात्याचा तुकडा, मध्येच कुणाची खाजगी वरकस जमीन. आमच्या दोऱ्याचा खालचा साधारण तीनशे मीटरचा भाग वनात दाखवतो. तिथे आम्ही कोयता लावलेला नाही, लावणारही नाही. अर्ज दिला आहे, उत्तर येईल तेव्हा येईल, तोवर त्या भागात सायकल खांद्यावर. यावर आमच्यात बऱ्यापैकी वाजलं. एकाचं म्हणणं, "कोण बघतंय?" बघतंय कोण हा मुद्दाच नाही. १९२७ चा वन कायदा राहू दे बाजूला, एकदा वनरक्षकाने सायकलवाल्यांना झाडं तोडताना पकडलं की सगळ्यांसाठीच फाटक बंद. ठाण्याच्या मित्रांसाठीही हेच. येऊर राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे वाट साफ करणं हा विषयच काढू नका. डांबरी रस्त्यावर चालवा आणि बिबट्याचा वेळ सुरू व्हायच्या आत घरी या.

चौथ्या रविवारी वर गेलो तर दोऱ्याचं वरचं टोकच सापडेना. फोनवरचा निळा ठिपका सांगतो इथेच आहेस, आणि समोर डोक्याएवढी रानमोडी. अर्धा तास त्या ठिपक्याभोवती प्रदक्षिणा घातल्या. शेवटी वाडीतले एक काका कुतूहल अनावर होऊन आले.

"काय हरवलं काय तुमचं?"

"वाट, काका."

"कुठली? गुरांची का?"

ते पुढे, आम्ही मागे. उंबराजवळ थांबून त्यांनी काठीने झुडूप बाजूला केलं आणि त्याखाली खरंच घोट्याएवढी खोल गेलेली, खुरांनी घासून गुळगुळीत झालेली पन्हाळ होती. पूर्वी वाडीतली गुरं इथून खालच्या पाण्याला जायची. आता गुरं उरली चार, वर नळ आला, डांबरी रस्ता आला. वाट कोण कशाला तुडवेल? आम्ही विचारलं, ही इतकी वळणं घेत का जाते, आमची जुनी तर सरळ होती. काका आमच्याकडे बघतच राहिले. "गाभण गाय सरळ उतरंल का?"

ट्रेल बांधणाऱ्यांच्या पुस्तकी भाषेत हेच जरा लांबवून सांगितलेलं असतं. वाटेचा सरासरी उतार दहा टक्क्यांच्या आत ठेवा आणि वाटेचा उतार डोंगराच्या आडव्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको, नाहीतर पाणी वाट सोडून बाजूला जाण्याऐवजी वाटेनेच पळतं. आमचा जुना उतार ठिकठिकाणी अठरा-वीस टक्क्यांचा होता. दर पावसाळ्यात त्याची नाळ होऊन मुरमाच्या गोट्या उघड्या पडायच्या आणि आम्ही तिला कौतुकाने 'टेक्निकल' म्हणायचो. गुरांची वाट जीपीएसवर मोजली: लांबी १.४ किलोमीटर, उतार १३० मीटर. म्हणजे सव्वानऊ टक्के. गायींनी कुठलं पुस्तक वाचलं होतं कोण जाणे.

कापणीबद्दल दोन गोष्टी, दोन्ही चुकांमधून आलेल्या.

रानमोडी कापायची नसते, उपटायची असते. मूळ वरवर असतं. ऑक्टोबरात जमीन ओली आहे तोवर बुंध्याला धरून हिसका दिला की गड्ड्यासकट हातात येते. आम्ही पहिले दोन रविवार मर्दुमकीने कोयते चालवले आणि तीन आठवड्यांत त्याच बुडख्यांना प्रत्येकी पाच-सहा कोंब. डिसेंबर उजाडला की माती विटेसारखी होते, मग उपटणं विसरा. घाणेरीचं वेगळं. ती उपटत नाही, कुदळीने गड्डा खणून काढावा लागतो, आणि हातमोजे चामड्याचेच हवेत, बागकामाचे कापडी नकोत.

दुसरी चूक माझी. कोयत्याचा घाव तिरका बसतो. तिरका कापलेला खुंट म्हणजे जमिनीत रोवलेला भाला. मी कुड्याची काही रोपटी अशीच सपासप उडवली आणि पाचव्या रविवारी आमच्यातल्या सगळ्यात नव्या टायरची कडा त्यातल्या एकाने दोन इंच फाडली. ट्यूबलेसचं पांढरं सीलंट कारंज्यासारखं उडालं, माझ्याच चेहऱ्यावर, हा न्यायच म्हणायचा. टायर अर्थात मीच भरून दिला. सायकल पंक्चर होते हे ठीक, पण त्याच जागी कुणी पडलं असतं तर? आता खुंट करवतीने जमिनीलगत आडवा कापतो आणि वर माती ओढतो. कोयता फक्त गवत आणि वेलींसाठी. शिवाय कापलेलं गवत वाटेच्या कडेला ढीग करून ठेवायचं नाही, खालच्या बाजूला पसरून टाकायचं. फेब्रुवारीत वणवा येतो तेव्हा असे ढीग म्हणजे वाती.

सहावा रविवार मला सगळ्यात आवडला. त्या दिवशी कापाकापी जवळजवळ नव्हतीच, पाण्याचं काम होतं. तिसऱ्या वळणानंतर चाळीस-एक मीटरचा सरळ पट्टा आहे. तिथे खुरांनी वाट खोल गेली आहे, त्यामुळे पाऊस पडला की पाणी त्या पन्हाळीतच अडकून पळणार. यावर उपाय म्हणजे वाटेला मध्येच हलकी कूस द्यायची. उतरती वाट थोडी वर चढवायची आणि परत उतरवायची, म्हणजे खोलगट जागी पाण्याला बाहेर पडावंच लागतं. वाचायला सोपं, पण डोळ्याला उतार फसवतो. डोंगरात उभं राहिलं की उतार सपाट वाटतो आणि सपाट चढ. फोनमधलं कोनमापक प्रत्येक दगडावर वेगळा आकडा सांगत होतं. आमच्यातला एक जण बांधकाम साइटवर असतो. त्याने पिशवीतून गवंड्याची लेव्हल नळी काढली, दहा मीटर पारदर्शक प्लास्टिकची, पाणी भरलेली. एक टोक त्याने धरलं, एक मी. पाण्याची पातळी थरथरत स्थिरावली आणि कळलं, की ज्या जागी आम्ही 'बऱ्यापैकी चढ' दिला असं छातीठोकपणे म्हणत होतो तिथे अजून चार बोटं उतारच होता. पाणी खोटं बोलत नाही. पुन्हा खणलं, खालच्या कडेची माती काढून वाट बाहेरच्या बाजूला किंचित झुकवली, पहारेने दोन मोठे दगड कूस जिथे उठते तिथे बसवले. दगड हलवताना हात आधी नाही, पहार आधी. विंचू हमखास असतो, आणि फुरसं हा विषारी साप दिसायला फारच लहान प्रकरण आहे. मग दहा लिटरचा कॅन वरून ओतला. पाणी आलं, खोलगट भागात घुटमळलं, आणि उजवीकडून दरीत उतरून गेलं. चार घोडे चाळिशीच्या आसपासचे, डबक्यातून पाणी वाहताना बघून टाळ्या पिटत होते.

त्याच दिवशी दुपारी खाजकुयली भेटली. शेंगा आता वाळायला लागल्या आहेत, तपकिरी, मखमली, दिसायला देखण्या. वेल ओढली आणि सगळी लव वाऱ्याने मानेवर. पहिले काही सेकंद काहीच होत नाही, मग आपल्याला कातडी आहे याचा पश्चात्ताप होतो. खाजवू नका, घामाच्या रुमालाने पुसू नका. पंक्चर किटमधली चिकटपट्टी मानेवर लावून ओढली, दहा-बारा वेळा, तेव्हा लव निघाली. वाडीत शेण लावायला सांगितलं. मी चिकटपट्टीवर भागवलं, पण चिकटपट्टी संपली असती तर शेणालाही नाही म्हटलं नसतं. ज्या उतारावर ही वेल आहे तिथे आता लाल चिंधी बांधून ठेवली आहे. तो भाग जानेवारीनंतर, शेंगा झडून गेल्यावर.

सातवा, म्हणजे परवाचा रविवार: पहिली राइड. हवा पुढच्या टायरमध्ये वीस पीएसआय, मागच्यात तेवीस, सीट खाली. पहिली दोन वळणं माझ्या सायकलच्या लांबीला घट्ट पडतात. गायीची वळायची त्रिज्या एकोणतीस इंची चाकांच्या सायकलीहून कमी असते हे मान्य. एकदा पाय टेकला. तिसऱ्यानंतर मात्र वाट स्वतःच घेऊन जाते, ब्रेकला फक्त एक बोट. कूस आली तिथे चाक हलकं झालं, उडालं असं म्हणणार नाही, पण हलकं नक्की झालं. वनाची हद्द आली तिथे उतरलो, खांद्यावर घेतली.

तिथेच खालून एक मावशी येत होत्या, डोक्यावर लाकडाची मोळी. आम्ही सायकली झुडपात घालून वाट दिली. त्या थांबल्या, वर पाहिलं, आमच्या सात रविवारांकडे पाहिलं. म्हणाल्या, "खालून बरं केलंत. वरून नाय केलंत."

आम्हाला उमगेना. त्यांनी मान जरा तिरकी करून मोळी दाखवली. वाटेवर झुकलेल्या फांदीत तिचं पुढचं टोक अडकलं होतं. आम्ही रुंदी मोजली होती हँडलच्या हिशोबाने, सातशे ऐंशी मिलिमीटर अधिक दोन्हीकडे वीत, आणि उंची सायकलवर बसलेल्या माणसाची. डोक्यावर मोळी घेतलेल्या बाईची उंची आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती. त्या अख्ख्या वाटेवर अशा फांद्या मी परत चढताना मोजल्या: सदतीस. त्यातल्या नऊ वनाच्या हद्दीत आहेत, त्या अर्जाच्या उत्तरापर्यंत तशाच राहतील, मावशींना ते सांगितलं. त्या म्हणाल्या, तेवढ्या आम्ही वाकून जाऊ.

बाकीच्या अठ्ठावीससाठी लांब दांड्याची करवत लागेल, आठ फुटांपर्यंत पोचणारी. कुणाकडे असेल तर या रविवारी सकाळी साडेसहाला डांबरी रस्त्याच्या पायथ्याशी घेऊन या. चहा आमच्याकडून. वाटेची जीपीएस नोंद, म्हणजे जीपीएक्स फाइल, मागू नका, परवानगीचं मार्गी लागेपर्यंत ती कुणालाच देत नाहीये. आलात तर वाट पायानेच दाखवतो.