जवारी कुठे गेली?

“याच्यावर आवाज कसा बसका येतो, त्याच्यावर बघ कसा मोकळा!” गाणी ऐकायच्या अ‍ॅपांबद्दल हे हल्ली कुणीही छातीठोक सांगतं. सांगणाऱ्याच्या कानात बहुधा ब्लूटूथचे इअरबड्स असतात. अ‍ॅपल म्युझिकनं २०२१ मध्ये लॉसलेस, म्हणजे काहीही न कापता गाणं, दिलं, स्पॉटिफायनं २०२५ उजाडू दिलं; पण साधं ब्लूटूथ त्या लॉसलेसला वाटेतच पुन्हा कात्री लावतं, हे कोण लक्षात घेतो? शिवाय दोन अ‍ॅपांचा आवाज सारख्या पातळीवर आणून तुलना करायचे कष्ट कुणी घेत नाही. जरासा मोठा आवाज कानाला ‘चांगला’च वाटतो. निम्मी भांडणं इथेच मिटावीत.

फरक नसतोच असं मात्र नाही. तो ऐकायचा तर तानपुरा लावावा. मिरजेचा कारागीर तारेखाली सुताचा दोरा केसभर सरकवत जवारी, म्हणजे तारेची ती झणकार, काढतो, तेव्हा एका तारेतून स्वरांचा अख्खा झुपका उमलतो. गाण्याची फाइल लहान करायचं अ‍ॅपचं गणित नेमकं तिथे आडवं येतं. मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा बारीक आवाज कानाला कळणार नाही, असं धरून ते तो टाकून देतं. डेटा वाचवायला क्वालिटी ‘लो’वर ठेवली, की स्पॉटिफाय सेकंदाला २४ किलोबिटवर उतरतं आणि जवारी पाण्याखालून आल्यासारखी बुळबुळीत होते. ३२० वर ती परत येते. सीडीचे १४११ लावले तर? डोळे मिटून ओळखायला सांगाल तर मी पैज लावणार नाही.

त्याहून मोठा फरक वेगळ्याच ठिकाणी असतो आणि त्यावर कुणी भांडत नाही. जुनं एखादं भावगीत शोधा. एकाच अ‍ॅपवर ते दोन-तीन अल्बमांत सापडतं. एका प्रतीत तबकडीची खरखर आहे. दुसरीत कंपनीनं ती इतकी घासूनपुसून काढलीय की गायिकेचा श्वासही सोबत गेलाय. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकडीत एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मावायची, तेवढ्यात अंतरा संपवायच्या घाईतला तो श्वास म्हणजे गाण्याचाच भाग! आता ही धुतलेली प्रत २४ बिट, १९२ किलोहर्ट्‌झ अशी सीडीहून वरच्या दर्जाची पाटी लावून पुढ्यात वाढली, तरी लाखेवर जे उतरलंच नव्हतं ते येणार कुठून? आणि जे पुसलं ते कोण परत देणार? मी खरखरीची प्रत निवडतो. घरचे म्हणतात, रेडिओ बिघडलाय का.

“मग कुठल्या अ‍ॅपचे पैसे भरू?” असं अजूनही लोक विचारतात. मेव्हण्याच्या फॅमिली प्लॅनमध्ये एक जागा रिकामी होती, म्हणून मी आहे तिथे आहे.