दुसऱ्याच्या बंदरातून आपलं कापड

रविवार, रात्री उशिरा

ज्या खेळात दोन-दोन तास समोरच्याकडे मान वर करून बघावंच लागत नाही, तो खेळायला चौघांनी एकत्र कशाला यायचं? आम्ही चौघं, म्हणजे मी, डॉक्टरीणबाई, टॉवेलवाला शेठ आणि वकील, रविवारी इथे सोलापुरात शेठच्या गच्चीवर पटावरचे खेळ (बोर्ड गेम) खेळतो. आज जेवताना हे बोलले आणि डॉक्टरीणबाई रुसली. ‘विंगस्पॅन’ हा पक्ष्यांचा खेळ तिचा आहे, तिनेच पुण्याहून हौसेने मागवलेला.

तिचं म्हणणं मला कळतं. खेळ देखणा आहेच. एलिझाबेथ हारग्रेव्हचा हा खेळ 2019 साली आला. मूळ डब्यात उत्तर अमेरिकेतल्या पक्ष्यांची 170 पत्ती आहेत, प्रत्येकावर त्या पक्ष्याचं चित्र, पंखांचा पसारा, घरट्याचा प्रकार आणि तळाशी एक ओळ माहिती. फासे टाकायला पुठ्ठ्याचा मनोरा, आणि रंगीत छोटी अंडी तर हातात घेऊन खेळवत बसावीत अशी. नान्नजला माळढोक दिसेल म्हणून पहाटे थंडीत कुडकुडत जाणारी आणि चंडोल बघून समाधानाने परत येणारी बाई आहे ती. तिला हा खेळ आवडणारच.

पण खेळताना होतं काय, तर चौघं आपापल्या पुढ्यातल्या पटात डोकं घालून बसतो. माझं जंगल, माझी पाणथळ, माझी अंडी. शेठने काय केलं ते मला कळत नाही आणि कळून उपयोगही नसतो. शेवटी वही काढून बेरीज करायची, मग कळतं कोण जिंकलं. आज मधेच वीस मिनिटं कुणी अवाक्षर काढलं नाही. शेठच्या गच्चीवर अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. त्याच्या आईने खालून हाक मारून विचारलं, “अरे, गेले का सगळे?”

डॉक्टरीणबाई म्हणाली, “दिवसभर ओपीडीत माणसं बोलतच असतात. मला रविवारी कुणी बोललं नाही तरी चालतं.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आताही नाही. तरीही माझं मत तेच आहे.

सोमवार

बँकेत दुपारी गर्दी कमी होती, त्यामुळे डोक्यात तेच घोळत राहिलं.

लहानपणी आमच्याकडे ‘व्यापार’ होता. पुठ्ठ्याची पाटी, पातळ कागदाच्या नोटा, मुंबई घेतली की जिंकलोच असा समज. त्यात बोलणं भरपूर होतं, भांडणंही. पण त्यात माणूस बाद व्हायचा. पहिला दिवाळखोर नेहमी धाकटा भाऊ. मग तो दीड तास स्वयंपाकघरात आईच्या मागे भुणभुण करायचा आणि बाकीचे पैसे मोजत बसायचे. जर्मनीतून आलेल्या नव्या खेळांनी पहिलं चांगलं काम केलं ते हे, की शेवटपर्यंत कुणी उठत नाही. खेळ कधी संपणार तेही आधी ठाऊक असतं. रात्री साडेअकराला ज्याला गाडी काढून विजापूर रोडला जायचंय, त्याला याची किंमत कळते.

आमची सुरुवात अर्थातच ‘कॅटान’ने झाली. क्लाउस टॉयबरचा खेळ, 1995 चा, त्याच वर्षी जर्मनीतलं ‘वर्षातला सर्वोत्तम खेळ’ हे बक्षीस मिळवलेला. जाणकार आता त्याला नाकं मुरडतात. वकील तर उघड म्हणतो, की यात फाशांचीच मर्जी चालते, कारण फाशांवर जो आकडा पडेल त्या आकड्याच्या जमिनीचाच माल मिळतो. दोन फाशांच्या छत्तीस शक्यता. त्यात सहा आणि आठ प्रत्येकी पाच वेळा, सात सहा वेळा, दोन आणि बारा एकेकदाच. हे पाठ करून तो नेमका सहा नाहीतर आठच्या जमिनीच्या कोपऱ्यावर घर बांधतो, आणि मग फाशांवर सलग चारचाच आकडा पडत राहतो. तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. एकदा तर त्याने फासे तपासायला मागितले.

पण ‘कॅटान’मध्ये सौदा आहे. माझ्याकडे विटा आहेत, तुझ्याकडे मेंढ्या, आणि दोघांनाही तिसऱ्याच्या गव्हाची गरज. हे ऐकायला तरी गच्चीवर यावं. शेठ घरी तेलुगू बोलतो, डॉक्टरीणबाईचं माहेर अक्कलकोटकडचं, म्हणजे कानडी. सौदा रंगात आला की मराठी मागे पडते. शेठ तेलुगूत स्वतःशीच हिशेब करतो, डॉक्टरीणबाईला तो कळतो (कसा, ते देव जाणे), ती वकिलाला मराठीत सावध करते, आणि वकील ओरडतो, “काय बे शेठ, एका मेंढीला दोन विटा? कन्ना चौकात तरी असा भाव असतो का?” शेठ म्हणतो, “घ्यायचं तर घे, नाहीतर चोर तुझ्या गव्हावर बसवतो.” हे धमकावणं, गोंजारणं, मागच्या खेळातला राग आज काढणं, याचा नियमपुस्तकात कुठेही उल्लेख नाही. सगळा खेळ मात्र त्यातच आहे.

फाशांबद्दल शेठचं मत माझ्याहून ठाम आहे. सुताचा भाव सकाळी एक, संध्याकाळी एक. टॉवेलची ऑर्डर येते आणि रद्दही होते. ज्याला फासे नकोत त्याने नोकरी करावी, असं तो माझ्याकडे बघून म्हणतो.

‘पँडेमिक’ आम्ही जवळपास सोडून दिला आहे. मॅट लीकॉकचा, 2008 चा. सगळे एका बाजूला, रोग दुसऱ्या बाजूला, नकाशावर दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई सगळं आहे. कल्पना सुरेख. अडचण एकच: एकजूट करायची म्हटलं की वकील चौघांचं वकीलपत्र घेतो. तू चेन्नईला जा, तू तिथे थांब, हे पत्तं टाकू नकोस. मग आम्ही तिघं त्याच्या सोंगट्या हलवणारे कारकून. 2020 नंतर डॉक्टरीणबाईने तो डबा कपाटात अगदी वर ठेवला आणि खाली काढू दिला नाही. तिला कुणी आग्रहही केला नाही.

‘अझुल’ घरच्यांसाठी. पोर्तुगीज फरशांवरून सुचलेला खेळ, मिखाएल कीसलिंगचा. नियम पाच मिनिटांत सांगून होतात. दिसायला सोज्वळ, आतून खवट. समोरच्याला नको असलेल्या फरशा नेमक्या त्याच्याच गळ्यात मारायच्या आणि चेहरा भोळा ठेवायचा. माझ्या सासूबाई यात भयंकर आहेत. बाकी काही लिहीत नाही, वही उघडी राहते कधीकधी.

गुरुवार

आज आमच्या भागात पाणी आलं. त्यामुळे संध्याकाळ पिंप आणि टाकी भरण्यात गेली. रविवारी पाणी आलं तर खेळ रद्द, हा आमच्या मंडळाचा एकमेव लेखी नियम. दुसरा तोंडी: शेंगाचटणी आणि कडक भाकरी पत्ती डब्यात परत गेल्यावरच. एका लाल तेलाच्या बोटाने ‘तिकीट टू राइड’ या रेल्वेच्या खेळाचं एक पत्तं कायमचं ओळखीचं करून ठेवलंय. ते कुणाच्या हातात आहे ते पाठीवरूनच कळतं.

ज्याबद्दल लिहायचं होतं ते राहूनच चाललंय. ‘ब्रास’.

मार्टिन वॉलेसचा हा खेळ 2007 चा. आता ‘ब्रास: लँकेशायर’ नावाने मिळतो. इंग्लंडमधल्या कापूस गिरण्यांचा काळ, साधारण 1770 ते 1870. पहिल्या अर्ध्या खेळात कालवे खणायचे, दुसऱ्या अर्ध्यात रेल्वे टाकायची. गिरण्या, कोळशाच्या खाणी, लोखंडाच्या भट्ट्या, बंदरं उभारायची. फासे नाहीत. पैसे कमी पडले तर कर्ज, आणि कर्ज घेतलं की दर फेरीचं उत्पन्न खाली. मी बँकेत असल्यामुळे हे फार बारकाईने बघते. वकील फार लवकर आणि फार जास्त कर्ज घेतो.

मी ज्यासाठी या खेळावर जीव टाकते, ती गोष्ट अशी. गिरणी बांधली म्हणजे कमाई सुरू झाली, असं नाही. कापड विकलं गेलं पाहिजे. विकायला बंदर हवं, आणि ते आपलंच असायला हवं असं नाही. मी शेठच्या बंदरातून माझं कापड पाठवते. माझ्या गिरणीचं उत्पन्न सुरू होतं, आणि त्याच चालीत शेठचं बंदरही कामाला लागतं, त्यालाही गुण. कोळशाचंही तेच. वकिलाची खाण माझ्या रस्त्याला जोडलेली असेल तर मी त्याचा कोळसा फुकट उचलते. तो बोंबलतो, पण खाण रिकामी झाली की फायदा त्याचाच. म्हणजे प्रत्येक वेळी विचार करावा लागतो, की मला किती मिळतंय आणि माझ्यामुळे याला किती. बंदर नको असेल तर दूरच्या बाजाराकडे जाता येतं, पण तिथली मागणी दर विक्रीला उतरत जाते आणि एका क्षणी बाजारच बंद. ज्याने उशीर केला त्याची गिरणी कापडासकट उभीच्या उभी राहते.

स्पर्धा आहे, कडक आहे, तरी दुसऱ्यावाचून पान हलत नाही. ‘कॅटान’मध्ये हे तोंडाने होतं, इथे पटाची रचनाच तसं करायला भाग पाडते. बोलणं कमी, पण सगळ्यांची नजर सगळ्यांवर. इथे शांतता असते तीसुद्धा गजबजलेली.

आणि कालवे संपून रेल्वे येते तेव्हा सगळ्या जुन्या, पहिल्या पायरीच्या गिरण्या पटावरून उचलाव्या लागतात. मेहनतीने उभं केलेलं डब्यात परत. पहिल्यांदा हे झालं तेव्हा शेठ काही बोलला नाही. त्याचे आणि माझे, दोघांचे आजोबा इथल्याच जुन्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. त्यांच्या भोंग्यावर शहर उठायचं, हे आम्ही दोघांनी आपापल्या घरी ऐकलेलं.

वकिलाने त्या दिवशी एक गोष्ट सांगितली, ती इथे नोंदवून ठेवते. 1949 च्या ऑगस्टमध्ये ही गिरणी बंद पडली. मग 1950 साली केंद्र सरकारने खास कायदा करून तिचा कारभार ताब्यात घेतला. एका भागधारकाने, चिरंजीत लाल चौधरी यांनी, याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. निकाल त्यांच्या विरुद्ध गेला, पण नुकत्याच लागू झालेल्या राज्यघटनेतल्या समानतेच्या कलमावरचा तो अगदी सुरुवातीचा निकाल, म्हणून कायद्याची पोरं आजही तो वाचतात. “तुमच्या आजोबांची गिरणी आम्हाला परीक्षेला असते,” वकील म्हणाला. शेठ म्हणाला, “पटावरून एक फरशी उचलायला एवढं मोठं कोर्ट?”

डॉक्टरीणबाईला ‘ब्रास’ जड वाटतो. नियम समजावून सांगायलाच अर्धा-पाऊण तास जातो, हे खरं आहे. नवीन पाहुणा आला तर मी स्वतः हा डबा काढणार नाही. त्याच्यापुढे ‘तिकीट टू राइड’ ठेवेन, रंगाची पत्ती गोळा कर आणि रूळ टाक, एवढ्यावर काम भागतं.

शनिवार

उद्या कोणता खेळ यावर दुपारपासून संदेशांची मारामारी. डॉक्टरीणबाईला पुन्हा पक्षी हवेत. मी आडून आडून सुचवलं, की पक्षी आधी, वेळ उरला तर गिरण्या. तिने हसण्याचं चिन्ह पाठवलं, त्याचा अर्थ “वेळ उरणार नाही”.

शेठला मात्र ‘ब्रास: बर्मिंगहॅम’ घ्यायचाय. त्याच घराण्यातला, 2018 चा, ‘बोर्डगेमगीक’ या खेळांच्या संकेतस्थळाच्या यादीत 2023 पासून पहिल्या नंबरवर. माझं मत नाही. ज्याला पहिल्या खेळाची बंदरं अजून पुरती कळलेली नाहीत, त्याने दुसरा डबा का आणावा? शिवाय बर्मिंगहॅममध्ये कापूस आहे, पण मातीची भांडीही आहेत, कारखान्यांचा माल आहे, पसारा वाढतो. हे सगळं मी लिहून पाठवलं.

शेठचं उत्तर आलं: “त्यात माल विकायला बिअर लागते. बिअर नसेल तर गिऱ्हाईक मालाला हात लावत नाही. समोरच्याची बिअरसुद्धा वापरता येते.” आणि खाली: “पंचवीस वर्षं टॉवेल विकतोय. हा खेळ ज्याने बनवला त्याला धंदा कळतो बे.”

वकिलाने लगेच नव्या डब्याच्या किमतीतला आपला चौथा हिस्सा पाठवून दिला. मी अजून पाठवलेला नाही.