त्या सोळा हजारांत आम्हीही होतो

"तुम्ही ख्रिस्ती ना? मग गोव्यात तुमच्या लोकांनी जे केलं, त्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?" हा प्रश्न मला शाळेच्या स्टाफरूममध्ये, लोकलच्या डब्यात आणि एकदा तर चक्क हळदीकुंकवाला विचारला गेला आहे. विचारणाऱ्याच्या मनात कधी कुतूहल असतं, कधी राग, बऱ्याचदा दोन्ही. मी वसईची कॅथलिक. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेईपर्यंत वसई पोर्तुगीजांकडे होती आणि धर्मापासून ढळलेल्या ख्रिस्त्यांना शिक्षा करणाऱ्या गोव्याच्या धर्मन्यायालयाची, म्हणजे इन्क्विझिशनची, सत्ता इथवर चालायची. त्यामुळे हा विषय मला काही परका नाही. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

गोव्यात हे न्यायालय 1560 मध्ये आलं. 1774 मध्ये ते बंद केलं, चार वर्षांनी पुन्हा उघडलं आणि 1812 मध्ये कायमचं मिटलं. जुन्या गोव्यात आदिलशहाच्या वाड्यात ते बसायचं. त्याचं दफ्तर नंतर जवळजवळ सगळं नष्ट केलं गेलं, पण शिल्लक याद्यांवरून 1774 पर्यंत सोळा हजारांहून जास्त खटले आणि 57 माणसं जिवंत जाळली गेली, असा हिशेब लागतो. व्हॉट्सअॅपवर लाखांचे आकडे फिरतात. ते खोटे आहेत असं सांगून आमच्यातले काही जण हुश्श करतात, त्यांचं मला नवल वाटतं. सत्तावन्न माणसं जाळण्यात हुश्श करण्यासारखं काय आहे?

शिवाय खरी दहशत चितेपेक्षा खटल्याच्या रीतीत होती. शार्ल देलाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरला 1673 मध्ये दमणला पकडलं. बाप्तिस्मा आणि मूर्तींविषयी तो काहीबाही बोलला होता. गोव्याच्या कोठडीत त्याला आरोप सांगितला नाही, तक्रार कोणी केली तेही नाही. गुन्हा काय ते त्यानेच आठवून कबूल करायचं! त्याने आत्महत्येचाही प्रयत्न केला. 1676 च्या जानेवारीत जुन्या गोव्यातल्या सी कॅथेड्रलची घंटा वाजली आणि निकाल ऐकायला कैद्यांची मिरवणूक अनवाणी निघाली. ती घंटा अजून तिथेच आहे, पर्यटक तिचे फोटो काढतात. देलाँ सुटला आणि पुढे त्याने सगळं लिहून छापलं, म्हणून आतलं एवढं तरी आपल्याला कळतं.

आता 'तुमच्या लोकांनी' याकडे येते. या न्यायालयाचा अधिकार मुख्यतः बाप्तिस्मा झालेल्यांवर होता. हिंदूंसाठी वेगळी हत्यारं होती. देवळं पाडली गेली. मंगेशी, म्हाळसा, शांतादुर्गा यांना रातोरात खाडीपलीकडे न्यावं लागलं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. 1559 च्या हुकमाने अनाथ मुलं घरच्यांकडून काढून घेऊन त्यांचा बाप्तिस्मा करायची सोय झाली. धर्मांतराच्या आड येणारा हिंदूही न्यायालयाच्या तावडीतून सुटत नसे. पण कोठड्या मुख्यतः भरल्या त्या नव्याने ख्रिस्ती झालेल्यांनी. आधी पोर्तुगालहून आलेल्या मूळच्या ज्यूंनी, मग इथल्या शेतकऱ्यांनी आणि त्यांच्या बायकांनी. 1736 चा जाहीरनामा वाचला की कळतं: दारात तुळस लावायची नाही, एकादशीचा उपास नाही, बिनमिठाचा भात शिजवायचा नाही, पुरुषांनी धोतर आणि बायकांनी चोळी घालायची नाही, लग्नात हळद नाही, विड्याची पानं नाहीत, ओव्या नाहीत. आमच्याकडे लग्नात आजही हळद लागते आणि बायका रात्रभर गाणी म्हणतात. एवढं मोठं न्यायालय, पण आमच्या आज्यापणज्यांपुढे त्याचं काही चाललं नाही, याचं मला हसू येतं.

गार्सिया द ओर्ताचं नाव इथे घ्यायलाच हवं. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. हिंग, आंबा, कॉलरा यांवर लिहिलेला त्याचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला. तो मूळचा ज्यू घराण्यातला. 1568 मध्ये तो वारला, पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जाळलं आणि 1580 मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली. मेलेल्या माणसाला शिक्षा! पणजीत आज त्याच्या नावाची बाग आहे. केरळचे मार थोमा ख्रिस्ती तर पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीचे, पण 1599 मध्ये गोव्याच्या आर्चबिशपने त्यांचीही सिरियाक भाषेतली धर्मपुस्तकं जाळायला लावली.

आमच्याकडचा नेहमीचा बचाव असा, की हे सगळं पोर्तुगीज राजाचं काम होतं, चर्चचं नव्हे. मला तो पटत नाही. राजाचा हात होताच, पण न्यायाधीश पाद्री होते, झगे पाद्र्यांचे होते, निकाल ख्रिस्ताच्या नावाने दिले जात होते. जाळायला माणूस तेवढा सरकारच्या ताब्यात द्यायचे, म्हणजे आपले हात स्वच्छ. येशूला मृत्युदंडासाठी सोपवून स्वतःचे हात धुणाऱ्या पिलाताची गोष्ट दर गुड फ्रायडेला ऐकणाऱ्यांना हे कळत नसेल?

मग माफी मागता का, असं तुम्ही पुढे विचारता. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 12 मार्च 2000 रोजी सेंट पीटर्समध्ये सत्याच्या नावाखाली झालेल्या बळजबरीबद्दल देवाची क्षमा मागितली. त्यात गोव्याचं नाव नव्हतं. मी मागायची तर कोणाच्या वतीने? तुळशीपायी पकडल्या गेलेल्यांच्या, की पकडणाऱ्यांच्या? रक्ताने मी पहिल्यांपैकी असेन, पण प्रार्थना दुसऱ्यांची शिकले. मला दोन्ही सोडता येत नाहीत.

संत फ्रान्सिस झेवियरचंच घ्या. आमच्या घरातही एक झेवियर आहे. आजाऱ्यांची सेवा करणारा, मुलांना घंटा वाजवून गोळा करणारा हा संत. त्यानेच 1546 मध्ये राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन मागितलं. ते सुरू व्हायच्या आधीच, 1552 मध्ये, तो गेला, पण पत्र त्याचंच. 3 डिसेंबरला, त्याच्या सणाच्या प्रवचनात, त्या पत्राचाही उल्लेख व्हावा असं मी आमच्या पॅरिशच्या सभेत सुचवलं होतं. एक वडीलधारे म्हणाले, "बाय, लोकांच्या हातात कोलीत कशाला द्यायचं?" मी म्हटलं, काका, लोकांना ते पत्र कधीच माहीत झालंय, लोकलमध्ये मला तेच दाखवतात. आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या मुलांनाच ते अजून कोणी वाचून दाखवलेलं नाही. फादर म्हणाले, बघू. यंदा नोव्हेंबरमध्ये मी पुन्हा विचारणार आहे.