ब्राँकिएक्टेसिस आणि आठवड्यातून तीनदा अझिथ्रोमायसिन

कॉलेजात असताना मला फुप्फुसाचा टीबी झाला होता. औषधं पूर्ण घेतली, टीबी बरा झाला, पण उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागातल्या श्वासनलिका कायमच्या रुंदावून बसल्या. यालाच ब्राँकिएक्टेसिस म्हणतात. टीबीनंतर हा त्रास मागे राहिलेली माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. माझं निदान एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन, काढल्यावर पक्कं झालं. तोवर रोज सकाळी घट्ट, हिरवट बेडका, पावसाळा लागला की ताप, मग अँटिबायोटिकचा कोर्स आणि थोडे दिवस बरं, हेच चालू होतं.

छातीच्या डॉक्टरांनी अझिथ्रोमायसिन बरेच महिने घ्यायला सुचवलं. मी विचारलं, "आत्ता ताप नाही, मग अँटिबायोटिक कशाला?" त्यांनी नीट समजावलं. आजारी श्वासनलिकेत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी सारख्या गोळा होतात. त्यांच्यातून इलास्टेज हे विकर सुटतं. ते नलिकेची भिंत खातं आणि कफ तयार करणाऱ्या पेशींना आणखी कफ करायला लावतं. त्या कफात जंतू वाढतात, जंतूंमुळे पुन्हा न्यूट्रोफिल येतात. अझिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही मॅक्रोलाइड गटातली औषधं न्यूट्रोफिलना बोलावणारे इंटरल्युकिन-8 सारखे निरोपच कमी करतात आणि कफाला चिकटपणा देणाऱ्या म्युसिनची निर्मितीही घटवतात. स्युडोमोनास हा जंतू या औषधाला सहसा मरत नाही, तरी त्याचा उपद्रव कमी होतो.

हे प्रथम ध्यानात आलं जपानमध्ये. डिफ्यूज पॅनब्राँकिओलायटिस या बारीक श्वासनलिकांना सूज आणणाऱ्या आजारात डॉ. शोजी कुदोह यांनी 1980 च्या दशकात कमी मात्रेतलं एरिथ्रोमायसिन दीर्घकाळ दिलं. 1970 च्या दशकात निदान झालेल्यांपैकी साधारण 63 टक्के रुग्ण पाच वर्षं जगत. 1985 नंतरच्या रुग्णांत हा आकडा 90 च्या वर गेला. ब्राँकिएक्टेसिसबद्दल न्यूझीलंडमधली 2012 ची चाचणी मला फार आधार देऊन गेली. 141 रुग्ण, सहा महिने, आठवड्यातून तीनदा 500 मिलिग्रॅम. त्या काळात आजार उफाळण्याचं प्रमाण खोटी गोळी घेणाऱ्यांत माणशी 1.57 होतं, अझिथ्रोमायसिन घेणाऱ्यांत 0.59.

तरीही गोळी लगेच मिळाली नाही, आणि ते योग्यच होतं. ईसीजी काढला, कारण हे औषध ईसीजीतलं क्यूटी अंतर वाढवू शकतं आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पित्तासाठी मी पँटोप्रॅझोल-डॉमपेरिडोनची कॅप्सूल घेत होते; डॉमपेरिडोनही तेच करतं म्हणून ती बंद झाली. औषधाचा ऐकण्यावर आणि यकृतावरही परिणाम होऊ शकतो म्हणून कानाची ऑडिओमेट्री, यकृताची रक्ततपासणी झाली. सगळ्यात वेळ गेला तो थुंकीच्या कल्चरला, म्हणजे थुंकीतले जंतू लॅबमध्ये वाढवून पाहण्याला. टीबीच्या जंतूंचे काही भाऊबंद, एनटीएम, फुप्फुसात दडलेले असतील तर एकट्या मॅक्रोलाइडने ते औषधाला दाद देईनासे होतात, आणि पुढे त्यांच्यावरचं मुख्य औषधच हातचं जातं. त्यासाठी वेगवेगळ्या दिवशी सकाळचे नमुने द्यायचे. काही न खाता, साध्या पाण्याने चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून खोकायचं. डबीत लाळ नको, बेडकाच हवा. लॅबमधल्या ताईंनी माझी पहिली डबी उजेडाला धरून पाहिली आणि "हां, हा छातीतलाच" म्हणाल्या, तेव्हा हायसं वाटलं. कल्चर निगेटिव्ह म्हणायला सहा आठवडे थांबावं लागतं. तो काळ मला फार जड गेला.

मग सोमवार, बुधवार, शुक्रवार अशी गोळी सुरू झाली. सुरुवातीला पोट बिघडायचं. जेवणानंतर घेऊ लागले तसं ते कमी झालं. फरक सावकाश पडला: कफ आधी पातळ झाला, मग कमी. कफ काढायचा व्यायाम आणि नेब्युलायझर मात्र सुटलेले नाहीत, गोळी त्यांच्या बदल्यात नाहीच.

घरात कुणाला खोकला झाला की माझ्या पाकिटाकडे बोट जातं. मी देत नाही. असं वाटेल तसं घेतलं तर जंतू निर्ढावतात आणि खऱ्या न्यूमोनियाला हे औषध उपयोगी पडत नाही. माझ्याही बाबतीत तो धोका आहेच, म्हणून डॉक्टरांनी वर्षभराने सगळ्या तपासण्या पुन्हा करून गोळी चालू ठेवायची की थांबवायची हे ठरवायचं सांगितलंय. कानाची तपासणी पुढच्या महिन्यात आहे.