घसा बसलाय, फाइल उघडी आहे

पावसामुळे आज मैदान बंद, म्हणजे बालवाडीची सगळी वानरसेना वर्गातच. एकीला आई हवी, एकाला दुसऱ्याचाच डबा हवा. घसा पार बसला. मदतनीस मावशी म्हणाल्या, "ताई, आधी गरम पाणी प्या, मग ओरडा."

घरी येताना नाशिकच्या सिटीलिंक बसमध्ये उभ्यानेच बालशिक्षणाच्या डिप्लोमाची असाइनमेंट वाचली. ताराबाई मोडक, अनुताई वाघ, १९४५ पासून बोर्डीत खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम, मग कोसबाडला. पोरं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची. गुरांमागे गेली तर कुरणात! आणि आम्ही हे गुणांसाठी मुद्देसूद लिहायचं.

डिप्लोमा हवाच, त्याबद्दल तक्रार नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ३ ते ८ वर्षं हा पायाभूत स्तर मानलाय, तर त्या वयाचं शास्त्र यायलाच हवं. पण 'मुलांच्या भावना समजून घ्या' हे प्रकरण मध्यरात्री डोळे ताणून वाचणाऱ्या ताईचं काय, ते अभ्यासक्रमात नाही. (शोधलं मी.)

तर आजपासून डिप्लोमाच्या फाइलसाठी मुलांच्या निरीक्षणाच्या नोंदी शाळा सुटल्यावर वर्गातच उरकायच्या आणि रात्री दहाला फाइल बंद.

सबमिशन शुक्रवारी आहे. त्यासाठी कुणाकडे जुने पुठ्ठे असतील तर सांगा, इंदिरानगर-सिडकोत कुठेही येऊन घेऊन जाईन.